बायांचा कोयता

सारजा गेली ते मला निमगाव केतकीत कळलं. मी एस.टी.त होतो.

छातीत दुखतंय म्हणून तिला बारामतीच्या दवाखान्यात ठेवलं होतं. त्या दिवशी सकाळी ती उठून बसली, चहा घेतला, बिस्किट खाल्लं आणि मला म्हणाली, "जावा आता घरी. शेळीकडं कोण बगतंय? आन येताना माजं दुसरं लुगडं आणा. ह्या चादरीनं अंग खाजतंय." आमची मुलगी स्वरूपा तिच्याजवळ होती. म्हणून मी निघालो.

निमगावच्या स्टँडवर गाडी थांबली आणि फोन वाजला. स्वरूपाचा होता. ती "आबा" म्हणाली आणि पुढं बोललीच नाही. मी "हं, बोल, बोल" म्हणत राहिलो. मग फोनवर दवाखान्यात आलेल्या समिना मॅडमचा आवाज आला. "तात्या, कुठं पोचलात? तिथंच उतरा. मी गाडी घेऊन येते." मी काही विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

मी उठलो. कंडक्टर म्हणाला, "तात्या, तुमचं तिकीट इंदापूरचं हाय."

"व्हय," मी म्हणालो. "पर माझी मंडळी गेली."

हे मी पहिल्यांदा त्या कंडक्टरला सांगितलं. तो माझ्याबरोबर खाली उतरला, मला पानाच्या दुकानापुढच्या बाकड्यावर बसवलं, दुकानदाराला दोन शब्द सांगितले आणि मग बेल दिली. गाडीतलं कुणी उशीर झाला म्हणून बोललं नाही. त्या कंडक्टरचं नाव मला माहीत नाही.

समिना मॅडम कोण ते सांगायला पाहिजे. बावड्यात रस्त्याकडेला आमची भट्टी आहे. आम्ही कोयते, खुरपी, विळे, कुऱ्हाडी घडवतो. आमच्यात नवरा सांडशीनं लोखंड धरतो आणि बायको ऐरणीच्या समोर उभी राहून घण मारते. माझ्या आईनं मारला, आणि लग्न होऊन आल्यापासून सारजानं. दोन वर्षांपूर्वी समिना मॅडम विद्यापीठाची गाडी घेऊन आमच्या दारात आल्या. त्या शेतीच्या अवजारांवर संशोधन करतात. मूळच्या इंदापूरच्याच, त्यांच्या वडलांचं तिथं सायकलचं दुकान होतं. ऊसतोडीचा मुकादम गेणबा यानं त्यांना आमचं नाव सांगितलं होतं.

त्यांचं म्हणणं असं होतं की ऊस तोडायला नवराबायको जोडीनं येतात आणि दोघंही एकाच मापाचा कोयता चालवतात. तो कोयता गड्याच्या हाताचा असतो. हंगाम संपेपर्यंत बायांची मनगटं सुजलेली असतात. मॅडमनी फडाफडात फिरून बायांच्या हातांची मापं घेतली होती. मुठीचा घेर, बोटांची लांबी, मनगटात जोर किती, सगळं. त्यांना बायांसाठी वेगळा कोयता करायचा होता. आणि प्रकल्पाची अट होती की सोबत एखादा छोटा कारखानदार घ्यायचा.

"कारखानदार?" सारजा म्हणाली. "ह्ये? ह्यांना दुसऱ्यांदा चहा पायजे आसला तर मला इचारावं लागतंय."

मॅडम हसल्या. मीही हसलो. पण त्या गेल्यावर सारजा भांडी घासता घासता म्हणाली, "इतकी वर्सं घण मारतीया मी. बाईच्या हाताला ह्यो कोयता जड पडत आसंल, ह्ये माज्या डोक्यात कसं आलं न्हाय? मी तर बाई हाय."

मी म्हणालो, "माझ्या बी आलं न्हाय."

"तुमच्या डोक्याचं मी कुठं इचारलं?"

करारावर सही करायला आम्हाला विद्यापीठात बोलावलं. कागदावर मालक म्हणून माझं एकट्याचं नाव होतं. सारजानं ते स्वरूपाकडून वाचून घेतलं आणि साहेबांच्या समोरच म्हणाली, "मंग कोयता बी ह्यांनी एकट्यानंच करावा. मी निघते बावड्याला." साहेब गडबडले. मॅडमनी कागद परत नेला, दुसरा काढून आणला, त्यात दोघांची नावं घातली. येताना गाडीत सारजा मला कोपरानं ढोसत होती. "ओ भागीदार. खिडकी लावा. वारं लागतंय भागीदाराला."

पहिला कोयता वाया गेला. मॅडमनी वजन उतरवायला सांगितलं, आम्ही पातं पातळ केलं. उसावर मारला की उडायचा. सारजा म्हणाली, "ह्यानं केळं बी कापायचं न्हाय." मॅडमना राग आला नाही. त्या आठवडाभरानं परत आल्या आणि म्हणाल्या, वजन सगळीकडचं उतरवायचं नाही, टोकाकडचं काढून मुठीकडं आणायचं. किती आणायचं ते त्यांनी हिशेब करून काढलं होतं. आम्ही आजवर अंदाजानं वजन ठेवत आलो होतो, आणि तो अंदाज गड्याच्या हाताचा होता. त्यांच्या हिशेबानं घडवला तो कोयता सारजानं हातात घेतला, दोनतीनदा हवेत फिरवला आणि काही न बोलता आत जाऊन चहा टाकला. मॅडमना ते कळलं नाही. मी त्यांना म्हणालो, "जमला. न्हायतर आता शिव्या पडल्या आस्त्या."

लोखंड घडवताना मॅडम कॅमेरा लावून ठेवायच्या. घण कुठं पडतो, किती पडतो, हात किती वर जातो, ते बघायला. एक दिवस सारजा घण खाली टेकवून त्यांना म्हणाली, "का गं मास्तरीण, कोयतेवालीचं मनगट मोजतीस. घणवालीचं कोण मोजायचं?"

मॅडमनी पिशवीतून ताण मोजायचा पट्टा काढला आणि तिच्या दंडाला बांधला. त्याचा निकाल आला तेव्हा त्या स्वतः घाबरल्या. कार्यालयात भांडून त्यांनी यांत्रिक घण मंजूर करून घेतला. विजेवर चालणारा, पायानं दाबायचा. सारजाला काय आनंद. "मशीन आलं की मी खुर्ची टाकून बसणार आन ह्यांना हुकूम सोडणार." शेजारच्या म्हाळसाबाईला तिनं खुर्ची कुठं टाकणार ती जागासुद्धा दाखवली.

मशीन आलं तेव्हा तिचा तेरावा होऊन गेला होता.

दवाखान्यात मॅडम तिला भेटायला गेल्या होत्या तेव्हाचं बोलणं मला स्वरूपानं नंतर सांगितलं. सारजा म्हणाली होती, "फड सुरू व्हायच्या आत बायांच्या हातात कोयते पडू दे पोरी. न्हायतर आनखी एक हंगाम तसाच जातोय." आमच्याकडं तेव्हा चांगला असा एकच कोयता होता. फडात तपासायला गेणबाच्या टोळीतल्या सगळ्या बायांपुरते तरी हवे होते. आणि प्रकल्प मार्चला संपणार होता. म्हणजे या हंगामात झालं तर झालं.

पाहुणे जाऊन घर रिकामं झाल्यावरही सारजाचा भाऊ मानसिंग थांबला होता. जाताना म्हणाला, "दाजी, भट्टी बंद ठिवून कसं चालंल? घणाला माणूस बगा. माझ्या सुनंला पाठवू का? पोरगी दणकट हाय."

"नको," मी म्हणालो.

"का नको?"

ऐरणीच्या पलीकडं मान वर केली की समोर कोण दिसतं, ही गोष्ट होती. दुसरं कुणी दिसायला नको होतं. मी म्हणालो, "मशीन यायचंय."

मशीन आलं, बसवलं. मॅडम मुद्दाम आल्या होत्या. पायाचा दांडा त्याच दाबणार होत्या, मी लोखंड धरणार होतो. डाव्या हातात सांडशी आणि उजव्या हातात हातोडी. हातोडीची खरं तर गरज नव्हती. सवयीनं घेतली.

सुरुवातीला ठीक चाललं. ट्रकच्या पाट्याचं पोलाद लाल झालं, मी धरलं, मॅडमनी दाबलं, घण पडायला लागला. तो दमत नाही, त्याचा ठोका चुकत नाही. पातं सुटायला, म्हणजे पसरायला लागलं. पाहिजे तेवढं सुटलं तसा मी ऐरणीच्या कडेवर हातोडी वाजवली.

घण पडतच राहिला.

मी परत वाजवली. घण पडतच होता. माझ्या डोळ्यांपुढं पातं पसरून पापड झालं, कड फाटली. मी ओरडलो, "अगं थांब की! कान फुटलं का तुझं?"

मॅडमनी पाय काढला. मोटर नुसती घुमत राहिली. मी त्यांना कधी मॅडमशिवाय हाक मारलेली नव्हती. त्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि मी कुणाला ओरडलो ते दोघांनाही कळलं. मी सांडशी खाली ठेवली आणि मागं शेळीपाशी जाऊन बसलो.

थोड्या वेळानं मॅडम आल्या. मला वाटलं, आता समजूत घालतील. तेरा दिवस सगळे तेच करत होते. त्या शेळीच्या पलीकडं दगडावर बसल्या आणि म्हणाल्या, "तात्या, अगं म्हणालात त्याचं काही नाही. पण मी थांबायला हवं होतं हे मला कशावरून कळायला हवं होतं?"

"हातोडी वाजवली की."

"ती वाजली म्हणजे थांबायचं?"

मग मी सांगितलं. हातोडी लोखंडावर जिथं टेकते तिथं घण मारायचा. हलकी टेकली तर हलका, जोरात टेकली तर जोरात. ऐरणीच्या कडेवर वाजली की थांबायचं. आमची आई माझ्या वडलांच्या हातोडीवर असंच चालायची. सारजाला मी ते शिकवलं नव्हतं, ती माहेराहूनच शिकून आली होती. कामात तोंडानं सांगायची वेळ येत नाही. तोंड दुसऱ्या बोलण्याला मोकळं राहतं.

मॅडम म्हणाल्या, "आम्ही तुमच्या कामाचे सगळे व्हिडिओ आवाज बंद करून बघितले. ठणठणाट व्हायचा म्हणून शेजारच्या खोलीतले लोक तक्रार करायचे. काकींचा हात कसा जातो तेवढं बघत होतो. तुमची हातोडी आम्हाला दिसायची. वाटायचं, हाताला चाळा असेल."

"आमी तरी कुठं सांगितलं?" मी म्हणालो. "ह्ये सांगायचं असतं ते आमाला बी म्हाईत नव्हतं."

त्यांनी गाडीतून लॅपटॉप आणला. उघडला, आणि बटण दाबायच्या आधी मला विचारलं, "लावू का? काकी आहेत त्यात."

"लावा."

आवाज आला. हातोडी, मग घण. हातोडी, मग घण. आणि मधेमधे सारजा बोलत होती. "जरा हिकडं धरा की. मामंजींसारकं वाकडं धरताय." मग घण. "म्हाळसाबाईच्या सुनंनं शेवग्याच्या शेंगा दिल्यात, रातच्याला आमटी करते." घण. "डाळ कमी हाय पर. तुमाला पाणीच मिळंल." आणि कुणीतरी हसत होतं. मी मॅडमना विचारलं, "ह्यो कोण हसतोय?"

"तुम्हीच की, तात्या."

काम करताना मी हसतो हे मला माहीत नव्हतं.

ते संपलं. मॅडम म्हणाल्या, "अजून पुष्कळ आहेत."

"आज नको," मी म्हणालो. "आज एवढंच."

दुसऱ्या दिवशी त्या आल्या ते एक विचार घेऊनच. पायाचा दांडा माझ्या बाजूला घ्यायचा, मीच दाबायचा. मिस्त्री आला, दांडा फिरवून दिला. पण माझ्या पायाला हे काम कधी लावलेलं नव्हतं. हात म्हणायचा थांब, तोवर पाय दाबून बसलेला असायचा. चारदोन पट्ट्या वाया गेल्या. मी वैतागून हातोडी फेकून द्यायला निघालो, म्हटलं हिचीच अडचण होतीय.

मॅडम म्हणाल्या, "टाकू नका. तुम्ही हातोडी कडेवर वाजवता ना, तेव्हा तुमचा पाय आपोआप उचलतो. मी बघत होते. नुसतं मनात थांब म्हणता तेव्हा नाही उचलत."

मी करून बघितलं. खरं होतं. हातोडी कडेवर वाजली की पाय वर येत होता.

"म्हंजी मीच सांगायचं आन मीच ऐकायचं," मी म्हणालो.

"हो. पण वाजवून सांगायचं."

म्हाळसाबाई कुंपणावरून बघत होती. ती म्हणाली, "म्हस्कूतात्या, जल्मात बायकूचं ऐकलं न्हाय, आता सोताचं तरी ऐका." सारजा गेल्यापासून माझी कुणी चेष्टा केली नव्हती. मला बरं वाटलं.

दिवाळीच्या आधी कोयते झाले. टोळीतल्या बायांना पुरतील एवढे. मॅडमच्या मापाच्या मुठी बसवल्या, मी धार लावली. हंगाम लागला तसं गेणबा मुकादमानं सांगितलं, टोळी सांगवीला उतरलीय, तिथं या.

फडात गेलो तर गेणबा सगळ्यांना गोळा करून उभा होता. मॅडमनी विचारलं, टोळीत किती कोयते आहेत. गेणबा सांगायला लागला, "आमच्यात जोडीला एक कोयता म्हंत्यात, मॅडम. नवराबायकू मिळून एक. एकटा माणूस आला तर अर्धा कोयता." मग माझ्याकडं वळून म्हणाला, "म्हंजी आमचं तात्या आता अर्धा कोयता."

टोळीतली कौसल्या म्हणून एक बाई होती, बीडकडची, उंच आणि आवाजाची. ती म्हणाली, "मुकादम, तुमच्या जिभंला कुणी धार लावली? गप बसा की जरा."

"मी काय वंगाळ बोललो? हिशेब सांगितला," गेणबा म्हणाला, पण त्यानं टोपी काढून डोकं खाजवलं. मला त्याचा राग आला नाही. तो उगाच दयेनं बोलला असता तर आला असता.

कौसल्यानं कोयता हातात घेतला. "ह्ये पोरासोरांचं खेळणं हाय व्हय?" म्हणाली. मग उसाच्या बुडाशी वाकली आणि पहिला घाव घातला. ऊस आडवा झाला. दुसरा, तिसरा. ती पुढं सरकत गेली. तिच्या नवऱ्यानं मधे एकदा तो कोयता उचलून बघितला आणि चालवायला लागला. कौसल्या लांबून ओरडली, "ठिवा त्यो खाली! तुमचा न्हाय त्यो. बायांचा हाय!" फडातल्या सगळ्या बाया हसल्या. तो म्हणाला, "हलका हाय पर चांगला." ती म्हणाली, "म्हणूनच तुमाला मिळायचा न्हाय."

दुपारी भाकरी खायला सगळे बांधावर बसले. बायांनी मनगटाला चिंध्या बांधायची रीत असते. कौसल्याच्या हाताला चिंधी नव्हती. मॅडमनी विचारलं, "दुखतंय?"

"उद्या सांगते," कौसल्या म्हणाली. "पयल्या दिवशी नवरा बी चांगलाच वाटतोय."

मॅडम तिथं आठ दिवस रोज जात राहिल्या. मी अधूनमधून जायचो. आठव्या दिवशी कौसल्यानं स्वतःच हात पुढं केला आणि मनगट फिरवून दाखवलं. म्हणाली, "हाय का सूज? हंगामाच्या ह्या दिसाला मला तांब्या उचलाय यायचा न्हाय." मॅडमनी मनगटाला हात लावून बघितला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते ओढणीनं लगेच पुसलं. मी उसाकडं बघत उभा राहिलो. सारजा असती तर म्हणाली असती, रडतीस काय मास्तरीण, माप घे.

मग कौसल्या म्हणाली, "पर एक खोट हाय."

"काय?" मी विचारलं.

"तोडायला चांगला. पाचट काढाय न्हाय. जुना कोयता जड असायचा, उसावरनं नुसता वडला की वाळला पाला निघून यायचा. ह्यो घसरतोय. मंग आमी हातानंच सोलतोय, ह्ये बगा." तिची बोटं पाल्यानं चिरली होती. बाकीच्या बायांनीही हात दाखवले. मनगटं वाचली होती आणि बोटं कापली जात होती. हे आम्ही दोघांनी, मी आणि मॅडमनी, बघितलं नव्हतं. आम्ही फक्त घावाचा विचार केला होता.

परत येताना गाडीत, भवानीनगर मागं पडल्यावर मॅडम म्हणाल्या, "तात्या, पात्याच्या पाठीला छोटी आकडी काढता येईल? पाला ओढायला?"

"येईल."

"मशीनवर?"

मी विचार केला. आकडी काढायची म्हणजे पाठ लाल असताना छिन्नीनं चिरायची आणि तो तुकडा वळवायचा. एका हातानं सांडशीत पातं धरायचं, दुसऱ्या हातानं छिन्नी धरायची आणि त्याच वेळी छिन्नीवर घण पडला पाहिजे. हातोडी वाजवायला हात उरत नाही, आणि ती वाजल्याशिवाय माझा पाय उचलत नाही. "मशीनवर न्हाय," मी म्हणालो. "त्याला समोर माणूस लागतं."

"मी पातं जागेवर धरून ठेवणारा फर्मा करून बघते," त्या म्हणाल्या. "नाहीतर मी उभी राहते. तुम्ही सांगाल तसा मारते."

"तुमाला घण उचलंल?"

"शिकवा."

मी हो म्हणालो नाही आणि नको म्हणालो नाही. मानसिंगाला मी सरळ नको म्हणालो होतो. या वेळी निदान विचार करतोय.

फर्मा अजून आलेला नाही. मॅडम आत्तापर्यंत दोनदा घण उचलून गेल्या आहेत. एकदा पायावर पडता पडता राहिला. मार्च जवळ आला आहे. सांगवीच्या फडातल्या बाया अजून पाचट हातानंच काढतात. आकडीचा कोयता झालेला नाही.